द्वारकाबाईंचा अळणी डबा

या, अशा जवळ या. कीर्तनात खांबाला टेकून मागं बसणाऱ्याच्या वाट्याला निम्मंच आख्यान येतं, उरलेलं निम्मं तो आपल्या मनानं रचतो. मला ते नको आहे. आख्यान लहानसंच आहे. त्यात राजा नाही, ऋषी नाही. एक नर्सबाई आहे, एक पितळी तांब्या आहे आणि चिमूटभर मीठ आहे. ऐका तर.

“वैनी, चिमूटभर मीठ देता का वो?”

द्वारकाबाई शेलारांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. फाल्गुनातलं ऊन, बोरखिंडीचा माळ, आणि एका कुडाच्या घरासमोर उभी ही पन्नाशीची बाई. पांढरी साडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबूस झालेली, खांद्याला सरकारी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू मीठ मागणं हेच सरकारनं नेमून दिलेलं काम आहे. आतली बाई हसत उठली, आत गेली, मीठ घेऊन आली. द्वारकाबाईंनी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि मग उंबऱ्यावर टेकून बाळाची चौकशी सुरू केली.

मी मागं वही घेऊन उभी होते. तालुक्याच्या गावी आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा निघाली होती आणि मी तिथं शिकवत होते. पहिल्या तुकडीच्या बावीस मुली आता तिसऱ्या वर्षात जायच्या होत्या. त्या वर्षाचा मुख्य विषय सामाजिक आरोग्य. गावात जायचं, घरोघर भेटी द्यायच्या, बाळंतिणी, पोरं, पाणी, सगळं पाहायचं. हा अभ्यासक्रम कसा असावा, किती तास वर्गात, किती दिवस वस्तीत, मुलींनी काय करावं, काय करू नये, हे सगळं लिहायचं काम प्राचार्या ग्रेस रणभिसे मॅडमनी माझ्यावर सोपवलं होतं. म्हणून मी या उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या मागं चार दिवस हिंडत होते.

त्या चार दिवसांत काय पाहिलं? पहिल्या घरी पाणी मागितलं. दुसऱ्या घरी मीठ. तिसऱ्या घरी, “अगं, हूक तुटला बघ ब्लाउजचा, सुई-दोरा हाय का?” चौथ्या घरी पानाला चुना. रिकाम्या हातानं ही बाई कुठल्याच दारातनं हलली नाही.

दुपारी करंजाच्या सावलीत आम्ही डबे उघडले. त्यांनी आपली वांग्याची भाजी माझ्यापुढं केली. घास घेतला, तर ठार अळणी.

“मीठ राहिलंय हो घालायचं,” मी म्हटलं.

“व्हय?” त्यांनी पदराची गाठ सोडली, मघाचं मीठ भाजीवर भुरभुरलं. “आता बघा.”

दुसऱ्या दिवशीची आमटी अळणी. तिसऱ्या दिवशी पिठल्यातही तेच. बाई विसराळू आहे की घरातलं मीठ वाचवते आहे, मला कळेना.

“काय लिवताय एवढं, बाई?” चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

“निरीक्षणं.”

“माझी का गावाची?”

“दोन्हींची.”

“मग माझी जरा बऱ्या अक्षरात लिवा,” म्हणून हसल्या.

मी लिहिलं होतं ते असं: ‘अनुभव भरपूर. परंतु गृहभेटीत लोकांकडे वस्तू मागण्याची सवय. विद्यार्थिनींपुढे आदर्श म्हणून अयोग्य.’ अक्षर मात्र छान होतं.

* * *

अभ्यासक्रम मी जीव ओतून लिहिला. ऐंशी पानं. तासांचे तक्ते, चौदा प्रश्नांचा घरभेटीचा फॉर्म, पिशवी कशी उघडायची त्याची रीत. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, हात धुवायचे, मगच आत हात घालायचा. आणि शेवटी दहा नियम. त्यातला सातवा नियम होता: ‘घरभेटीत कुणाकडेही काही खाऊ-पिऊ नये, काही घेऊ नये.’ नियमाला कारण होतं. आदल्या वर्षी आमच्या तीन मुलींना बाहेरच्या पाण्यानं कावीळ झाली होती. त्यातली एक तर महिनाभर अंथरुणाला खिळली.

रणभिसे मॅडमनी पानं चाळली. त्या कमी बोलायच्या, पण बोलल्या की मुद्द्याचं.

“नर्सिंग कौन्सिलची समिती चैत्र शुद्ध दशमीला येतेय. कागद बघतील आणि मुलींना वस्तीत काम करतानाही बघतील. कौन्सिलच्या मिसेस भडकमकर स्वतः येणार आहेत. मंजुरी मिळाली नाही तर तिसरं वर्ष सुरू होत नाही. मग या बावीस मुलींना मी कुठं पाठवू, देवस्थळीबाई? निम्म्यांचे बाप म्हणतील, झालं एवढं पुरे, आता लग्न करून टाकू.”

“मिळेल मंजुरी, मॅडम.”

“वस्तीतलं शिकवायला त्या शेलारबाईंना घेतलं तर?”

“सातवी शिकलेल्या आहेत त्या, मॅडम. शिवाय मागतात.”

“मागतात म्हणजे?”

“मीठ, पाणी, चुना. जे दिसेल ते.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “बरं. तुमचा अभ्यासक्रम आहे. तुमचं नाव त्यावर असणार.”

* * *

मुलींना पहिल्यांदा नेलं ते बोरखिंडीच्या माळावरच्या टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्तीत. वीस-बावीस घरं. घरांपुढं निरगुडीच्या फोकांचे भारे, शिंदीच्या पात्या आणि अंगणात विणणाऱ्या बाया. वस्तीत सगळ्यात वडील सगुणाबाई. तिची सून पारू दिवस भरत आलेली.

हेमलता चौगुले ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिलाच मी पहिल्या घरी पुढं केलं. सगुणाबाईनं त्याच सकाळी सारवलेली जमीन. शेणाचा ओला वास अजून होता. हेमलतानं वर्तमानपत्र काढलं, त्या सारवलेल्या जमिनीवर पसरलं आणि त्यावर पिशवी ठेवली. अगदी मी शिकवलं तसं. शेजारच्या पोराला झोळीत घालून लटकत्या काट्यावर वजन घ्यायला गेली, तर झोळीची शिवण उसवली. पोर वाचलं, पण रडून त्यानं वस्ती डोक्यावर घेतली.

एवढ्यात सगुणाबाई आतून पितळी तांब्या घेऊन आली. घासून लख्ख केलेला. पाणी त्यांना पाऊण मैलावरच्या विहिरीवरनं आणावं लागे, हे मला माहीत होतं. वहीत लिहिलेलंच होतं.

“घ्या पोरी. उनाचं आलायसा.”

हेमलतानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. तिनं सातवा नियम आठवला.

“नको, मावशी. आमच्या नियमात नाही बसत.”

सगुणाबाईनं तांब्या मागं घेतला. मग तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, “या मोठ्या बाईंचं आडनाव काय म्हनायचं?”

“देवस्थळी.”

“हां,” ती म्हणाली. एवढंच. तांब्यातलं पाणी तिनं दारातल्या तुळशीला घातलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर प्रत्येक दारात एक पाटी, म्हणजे विणलेली टोपली, पालथी ठेवलेली. त्या वस्तीची ही रीत आहे, हे मला नंतर कळलं. घरात सुतक असलं, बाळंतपण चालू असलं किंवा माणूस नको असलं, की दारात पाटी पालथी घालायची. पालथी पाटी ओलांडून कुणी आत जात नाही.

मुली करंजाखाली बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी काय केलं म्हणता? मला वाटलं, इंजेक्शनला घाबरले. म्हणून दोन रात्री खपून मुलींकडनं रंगीत तक्ते काढून घेतले. ‘लस घ्या, रोग टाळा.’ ते करंजाला टांगले. एक शेळी आली, अर्धा तक्ता खाऊन गेली. वस्तीतनं हसण्याचा आवाज तेवढा आला.

समितीला दहा दिवस. मग आठ. मग पाच.

* * *

आता माझं एक सांगते. चैत्रातलं रामाचं नवरात्र आलं की मी दुसरी कुणाचीच नसते. पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज संध्याकाळी राममंदिरात कीर्तन. वयाच्या आठव्या वर्षापासून त्या वर्षापर्यंत एकही चुकवलेलं नव्हतं. नऊ दिवस उपास, आणि नवमीला दुपारी बाराला रामजन्म होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्या वर्षी नागेशबुवा आले होते. पंच्याहत्तरीचे, आवाज चिरकलेला, पण उभे राहिले की गाभाऱ्यातला दिवासुद्धा ऐकतोय असं वाटायचं.

सप्तमीला त्यांनी आख्यान लावलं, पण माझं चित्त नव्हतं. बुवा म्हणत होते, “म्हणा माझ्याबरोबर. अहो, तोंडं उघडा. माझा आवाज संपला, मला तुमचा द्या.” लोक गात होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं पालथ्या पाट्या.

कीर्तन संपलं. आरतीचं तबक फिरून गेलं. चपला शोधायला वाकले, तर शेजारी द्वारकाबाई.

“बाई, आज टाळी बेताल हुती तुमची.”

मला एकदम भरून आलं. पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. तांब्या, तुळस, पाट्या, शेळी. शेळीपाशी त्या खुदकन हसल्या.

“तुमी एवढ्या कीर्तनाला येता,” त्या म्हणाल्या. “बुवा उभं राहिल्यावर पयलं काय करत्यात?”

“नमन.”

“त्याच्या म्होरं?”

“नामाचा गजर.”

“गजर कोन करतं? आपन. बुवा आपल्याकडनं आधी टाळी मागत्यात, आवाज मागत्यात. आपन दिल्यावर मग त्यांचं ज्ञान. आल्या आल्या ज्ञान सांगाया लागलं असतं, तर तुमी बसला असता का? मी तर चप्पल घालून घरला.”

मी पायरीवर त्यांच्या आणखी जवळ सरकले.

“दारात येनारा समदा सरकारी मानूस द्यायलाच येतो, बाई. गोळी द्यायला, सुई द्यायला, अक्कल द्यायला. देनाऱ्याचा हात वर. ज्याच्या घरात मी जाते त्याचा हात एकदा तरी वर नको का? माझा खाली नको का? त्यानं मला कायतरी दिलं, की त्यो मालक झाला आन् मी पावनी. पावनीचं ऐकत्यात लोक.”

“म्हणून मीठ?”

“मिठाचं आनखी एक हाय.” त्यांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली केला, गुपित सांगावं तसा. “मीठ आनायला बाई आत जाती. दार उघडं ऱ्हातं. मला चूल दिसती. पेटलीय का कालपासनं गार हाय. मडक्यावर झाकन हाय का. बाळंतीन काय खाती. सुई-दोरा मागितला तर ती सुई ओवती, मला तिची नखं दिसत्यात. पांढरी पडली असली तर अंगात रगत न्हाई. तुमच्या फॉर्मात चौदा प्रस्न हायेत न्हवं? मी एका चिमटीत विचारते.”

मंदिराचा पुजारी दिव्यांत तेल घालत होता. मला माझी वही आठवली, त्यातलं ते सुंदर अक्षर.

“मग तुमचा डबा…” मी म्हटलं. “तो रोज अळणी…”

“खोटं मागून चालत न्हाई, बाई. लोकांना वास येतो. म्हनून मी घरनंच अळनी आनते. मीठ न मागता गेले तर माझा मलाच घास उतरत न्हाई. एकतीस वर्सं झाली.”

एकतीस वर्षं. रोज पहाटे उठून, हाताशी मिठाची बरणी असताना, ती न उघडता डबा भरायचा.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “उद्या माझ्याबरोबर चला. वस्तीला समजावून सांगा. तिथल्या बाया तुमचं ऐकतील.”

“मी न्हाई यायची.”

“द्वारकाबाई, बावीस मुलींचं वर्ष आहे हो!”

“म्हनूनच. तांब्या कुनी परत केला?”

“हेमलतानं.”

“नियम कुनी लिवला?”

“मी.”

“मग तुमी जा. आन् पानी मागू नका. पानी त्यांनी एकदा देऊन बघितलं. दुसरं कायतर मागा. खरंच लागतंय असं.”

* * *

अष्टमीला मी एकटीच गेले. वही घेतली नाही. हातात ती उसवलेली झोळी. सगुणाबाई अंगणात पाटीचा काठ वळत होती.

“आज तक्ता न्हाई आनला? शेळी वाट बघाय लागलीया,” मान वर न करता ती म्हणाली.

“सगुणाबाई, माझं चुकलं.”

“काय चुकलं? नियमच हाय न्हवं तुमचा.”

“नियमच चुकला.”

ती विणत राहिली. मी झोळी पुढं केली. “पोरांचं वजन घ्यायची ही झोळी फाटलीय. काट्याला अडकवता येईल, पोर आत निवांत पडेल, अशी पाटी विणून द्याल? मला खरंच हवी आहे. दुसरं कुणी करून देईल असं मला वाटत नाही.”

आता मात्र तिनं वर पाहिलं. “आमच्या हातचं पानी चालत न्हाई आन् आमची पाटी चालती?”

झोळी हातात धरून मी उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पारू दारात येऊन पाहून गेली. तिच्या कडेवर, पदराखाली, इवलंसं काहीतरी होतं. ती बाळंत झाली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

बऱ्याच वेळानं सगुणाबाई म्हणाली, “उद्या या. बारा वाजता.”

“उद्या रामनवमी,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ठाव हाय की. सुंठवड्याच्या पाट्या आमीच देतो देवळाला. पायरीपतोर नेऊन.” ती ‘पायरीपतोर’ शब्दावर जराशी थांबली. “बारालाच या. न्हाईतर नका येऊ.”

नवमीला सकाळी आंघोळ करून मी देवापुढं बसले. बुवा जन्माचं कीर्तन करणार होते. आठव्या वर्षापासून अठ्ठावीस रामजन्म मी त्या पाळण्याशेजारी उभी राहून पाहिले होते. माझ्या आईनं मरताना सांगितलं होतं, रामाचा पाळणा चुकवू नकोस. देवाला म्हटलं, तूच सांग बाबा. देव हसल्यासारखा वाटला, पण बोलला नाही. तेव्हा साडेदहाला मी काटा खांद्याला अडकवून माळाची वाट धरली. मंदिरावरून जाताना टाळांचा आवाज आला, तशी मी मान खाली घालून पावलं उचलली.

पोचले तेव्हा घसा कोरडा पडला होता. सगुणाबाईनं पोतं टाकलं होतं, बस म्हणाली. पाटी तयार होती. उथळ, कडा आत वळवलेल्या म्हणजे पोर कलंडू नये, चार बाजूंनी चार पीळ आणि वर एक कडी. आत जुन्या लुगड्याची चौघडी अंथरलेली. मी सांगितलं नव्हतं, ते तिनं आपल्या मनानं केलं होतं.

वस्तीतल्या बाया एकेक करत गोळा झाल्या. करंजाच्या फांदीला मी काटा टांगला. पाटी अडकवली. आधी नुसत्या पाटीचं वजन पाहून घेतलं.

“पारू, आन गं त्याला,” सगुणाबाई म्हणाली.

पारूनं पोराला पाटीत ठेवलं. नऊ दिवसांचं पोर. रडेल म्हणून आम्ही सगळ्या श्वास रोखून. ते रडलं नाही. पाटी जराशी हलली, त्यानं एकदा मूठ उघडली, मिटली आणि डोळे मिटून घेतले.

आणि त्याच क्षणी गावातून घंटांचा आवाज आला. माळावर वारा होता, त्यावरून अगदी स्पष्ट. बारा वाजले होते. मंदिरात गुलाल उधळला जात असेल, बुवा पाळण्याची दोरी ओढत असतील. माझा हात कधी पुढं गेला मला कळलं नाही. मी त्या पाटीचा काठ धरून हलकेच झोका दिला. एक म्हातारी पाळणा गुणगुणू लागली, तिच्या पाठोपाठ दुसरी.

“काय वो बाई,” सगुणाबाईनं विचारलं, “डोळ्यात काय गेलं?”

“गुलाल,” मी म्हटलं.

तिनं माळाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. गुलाल कुठला तिथं! पण तिला कळलं. काट्यावरची सुई स्थिर झाली. पाटीचं वजा करून दोन किलो सहाशे.

“सगुणाबाई, आता घोटभर पाणी द्या मला.”

“तुमचा उपास आसंल आज.”

“होता. सुटला आत्ता.”

ती आत गेली. तोच पितळी तांब्या. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली, तर म्हणाली, “ओंजळीत नगं. तांब्या घ्या हातात.” मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. तीर्थ याहून वेगळं कसं असतं, मला माहीत नाही.

“पारू,” सगुणाबाई वळून म्हणाली, “दारातली पाटी उताणी कर.”

* * *

दशमीला समिती आली. मिसेस भडकमकर म्हणजे ताठ कण्याच्या, स्टार्चच्या साडीतल्या, भुवया उंच. मुली घराघरांत पांगल्या होत्या. हेमलता सगुणाबाईच्या दारात उभी राहून म्हणत होती, “मावशी, चिमूटभर मीठ मिळेल का? डब्यात घातलंच नाही आज.”

भडकमकर मॅडम थबकल्या. “ह्या मुली मागतायत काय?”

रणभिसे मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी अभ्यासक्रमातलं नियमांचं पान उघडून दिलं. सातवा नियम खोडलेला होता, आणि रात्रीच्या घाईत, मुळीच सुंदर नसलेल्या अक्षरात खाली लिहिलं होतं: ‘घरात जाताना आधी काही मागावं. पाण्याविषयी शंका असेल तर मीठ मागावं. खोटं मागू नये. डबा घरून अळणी आणावा.’

भडकमकर मॅडमनी ते दोनदा वाचलं. “कुठल्या पुस्तकातलं आहे हे?”

“पुस्तकातलं नाही, मॅडम. त्या बाईंचं आहे,” मी म्हटलं. पलीकडं द्वारकाबाई एका पोराच्या दंडावर कापूस दाबून धरत होत्या आणि त्याच्या आईशी काहीतरी बोलून हसत होत्या. “वस्तीतला भाग शिकवायला त्याच असाव्यात, असं पुढच्या पानावर लिहिलंय.”

“शिक्षण?”

“सातवी. आणि एकतीस वर्षं.”

पान मिटून भडकमकर मॅडम तशाच सगुणाबाईच्या अंगणात गेल्या. पोत्यावर बसल्या, स्टार्चची साडी चुरगळली. पारूच्या पोराकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून, कुणाला तरी वाटेल की प्रश्नपत्रिकेतला प्रश्नच विचारतायत, अशा आवाजात म्हणाल्या, “बाई, सुपारीचं खांड असेल का तुमच्याकडं?”

सगुणाबाई मोठ्यांदा हसली. “असंल की! का नसंल!”

ती आत गेली. दार उघडं राहिलं. मी पाहत होते. भडकमकर मॅडमची नजर हळूच आत वळली, चुलीकडं.

त्याच संध्याकाळी मंजुरीवर सही झाली.

वहीतलं ते पान मी फाडू शकले असते. फाडलं नाही. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला, ‘अयोग्य’पर्यंत.

“खरं हाय की,” म्हणाल्या. “मागतेच मी. अक्षर मातुर झ्याक हाय.” मग डबा उघडला. “बसा. मीठ आनलंय का न्हाई?”

पुढं अकरा वर्षं त्यांनी आमच्या मुलींना शिकवलं. वर्गात फळ्यावर त्यांनी कधी खडू लावला नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीचा डबा उघडून त्या चव घ्यायच्या, आणि ज्या डब्यात मीठ सापडे त्या मुलीला म्हणायच्या, “तू आज घरीच बस, तुला कुनाची गरज न्हाई.” त्या बावीस जणी आज कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत आहेत. हेमलता तर आता प्राचार्या आहे. सगुणाबाईची पाटी काळी पडली, कडी तुटली, पण शाळेच्या कपाटात अजून आहे. आणि नागेशबुवांनी त्याच्या पुढच्याच वर्षी सुंठवड्याच्या पाट्या पायरीवर घेतल्या नाहीत. स्वतः खाली उतरून गेले आणि सगुणाबाईला हाताला धरून सभामंडपात घेऊन आले. ते आख्यान पुन्हा कधी.

द्वारकाबाई गेल्या त्याला आता सोळा वर्षं झाली. त्यांच्या घरी गेले होते. ताकात कालवलेला शेवटचा भात त्यांच्यापुढं आला तो अळणीच. सून म्हणाली, मीठ घालू का, तर म्हणाल्या, “नको. शेजारनं मागून आन.”

एवढंच मागणं आहे माझं तुमच्याकडं. कधी घरात आमटी अळणी झाली, तर करणाऱ्यावर रागावू नका. शेजारी जा, कडी वाजवा, चिमूटभर मीठ मागा. आणि ते भुरभुरताना माझ्या द्वारकाबाईंची आठवण काढा.